हंसपद

३ नोव्हेंबर

दादा,

हे पत्र तुझ्या कचेरीच्या पत्त्यावर पाठवते आहे, कारण घरचा पत्ता माझ्याकडे नाही. कचेरीचाही तू दिलेला नाहीस. गेल्या वर्षी नगरपालिकेत नकाशांचा एक गठ्ठा आला, त्याच्या कोपऱ्यात तपासणाऱ्याची सही होती. शेवटची आडवी रेघ तुझीच. कचेरीत पत्र आलेलं चालत नसेल तर कळव, पुन्हा तिथे पाठवणार नाही.

आम्ही सगळे बरे आहोत. (हे वाक्य बरोबर नाही. पण सुरुवातीला लिहायचं असतं म्हणून राहू देते. पुढे दुरुस्त करीन.)

मला नगरपालिकेत नोकरी लागली, त्याला दीड वर्ष झालं. धक्क्याजवळच्या माहिती-खोलीत बसते. एक टेबल, एक हीटर आणि भिंतीवर गावाचा नकाशा. दिवसाला सरासरी नऊ माणसं येतात. त्यातली सात स्वच्छतागृह विचारतात. उरलेल्या दोघांना मी पुस्तिका देते, ‘गावातील पाहण्यासारखी सात ऐतिहासिक ठिकाणे’. अजून तीच, बाबांची. दीपगृह, तोफेचा बुरूज, जुनं जकातघर, दोर वळायची लांब पडवी, मिठाची कोठारं, बुडालेल्यांची भिंत. सातव्या ठिकाणावर, म्हणजे दिव्याच्या पायरीच्या मजकुरावर, पांढरी पट्टी आहे. तुझ्या तक्रारीनंतर शिल्लक प्रतींवर ती लावायचं ठरलं होतं, तुला माहीत नसेल. पाहुणे ते पान उजेडाकडे धरून पट्टीखालचं वाचतात. बाकीची सहा ठिकाणं कुणी इतक्या लक्ष देऊन वाचत नाही.

आता नवी आवृत्ती काढायची आहे आणि ते काम माझ्याकडे आलं आहे. सगळं पुन्हा तपासते आहे. दीपगृहाच्या पायऱ्या एकशे बाराच आहेत, दोनदा मोजल्या. बंदर कचेरीत जाऊन तू दाखवलेली वहीतली नोंदही पाहून आले. ‘बुडाले: चाळीस. वाचले: कोणी नाही.’ तुझं बरोबर होतं, त्यात काही वादच नाही.

विनंती एवढीच आहे. आमच्या हेडक्लार्क बाई म्हणतात की दिव्याची पायरी गावातली ऐकीव गोष्ट म्हणून सातव्या जागी परत घालता येईल, पण ज्यांनी तक्रार केली त्यांनी ‘हरकत नाही’ अशी एक ओळ लिहून द्यायला हवी. तू ती ओळ देशील का? बाबांना बरं वाटेल. सात वर्षांपूर्वी कोण चुकलं नि कोण बरोबर, त्यात मी पडत नाही.

छपाई डिसेंबरच्या वीस तारखेला आहे. घाई करते आहे असं समजू नकोस.

तुझी धाकटी


२१ नोव्हेंबर

दादा,

तुझं उत्तर आलं नाही. टपाल थंडीत हळू चालतं हे मला ठाऊक आहे, आणि मी अठराच दिवस मोजते आहे.

मागच्या पत्रातलं ‘आम्ही बरे आहोत’ दुरुस्त करते. आत्या बरी आहे. मी बरी आहे. बाबांचं उन्हाळ्यात घशाचं ऑपरेशन झालं आणि स्वरयंत्र काढलं. त्यांना आता बोलता येत नाही. तुला तेव्हाच कळवायला हवं होतं. तीन वेळा लिहायला बसले, तिन्ही वेळा वाटलं की दुखणं सांगून तुला बोलावल्यासारखं होईल. आता ते पुन्हा उलटलं आहे. डॉक्टर म्हणाले, हिवाळा संपेपर्यंत. मी विचारलं, संपेपर्यंत म्हणजे संपायच्या आधी की नंतर? ते म्हणाले, असं मोजून सांगता येत नाही, बाळ.

बाबा पाटीवर लिहितात. आपलीच पाटी, तू कोपरा फोडलेली. नवी आणते म्हटलं तर मान हलवली. त्यामुळे घर पुन्हा शाळेसारखं झालं आहे, फक्त आता मास्तर लिहितात आणि पोरगी मोठ्याने वाचते.

तुला ती शाळा आठवते का? हिवाळ्यात खाडीपलीकडे जाता येत नव्हतं, म्हणून दहा वर्षांची होईपर्यंत आपली शाळा म्हणजे बाबांच्या मागून गावभर फिरणं. आकडे दीपगृहाच्या पायऱ्यांवर शिकलो. अक्षरं बुडालेल्यांच्या भिंतीवर, एकेका मेलेल्या माणसाच्या नावावरून बोट फिरवत. आणि राहिलेला शब्द घालायची खूण ओहोटीच्या वाळूत, समुद्रपक्ष्यांच्या पायांवरून. ‘हे बघा हंसपद,’ बाबा म्हणायचे. ‘वाक्यात शब्द सुटला की तिथे पक्षी उभा करायचा आणि सुटलेला शब्द वर लिहायचा.’ मी कितीतरी दिवस समजत होते की त्या पक्ष्यांना किनाऱ्यावर काय काय राहिलंय ते माहीत असतं.

आणि बाबांचा तो नियम. स्वतः पाहिलं तर ‘आहे’. विचार करून काढलं तर ‘असेल’. दुसऱ्याकडून ऐकलं तर ‘म्हणे’. त्याशिवाय आपल्या घरात वाक्य पुरं होत नसे. मग मी खाडीपलीकडच्या शाळेत गेले आणि पहिल्याच दिवशी बाईंनी जन्मतारीख विचारली. मी उभी राहून म्हणाले, ‘नऊ मार्चला झाले म्हणे.’ मी काही तेव्हा पाहिलं नव्हतं. अख्खा वर्ग हसला. पुढची सहा वर्षं मला कुणी नावाने हाक मारली नाही. ‘म्हणेबाई’. तू वरच्या वर्गात होतास, तुझ्याही कानावर आलं असेल. तू कधी हसला नाहीस.

बाबा अजून रोज अकराला बाहेर पडतात. गाईडचा बिल्ला नाही, आवाज नाही, मागून कुणी येत नाही, तरी सहाही ठिकाणी ठरलेला वेळ थांबतात आणि सातव्या ठिकाणी, जुन्या धक्क्याच्या त्या खचलेल्या पायरीपाशी, सगळ्यात जास्त. गेल्या आठवड्यात एका पाहुण्या बाईंना वाटलं, म्हातारबुवा वाट चुकले. हात धरून त्यांना घरी घेऊन आल्या. दार उघडून आत्या म्हणाली, ‘गाईडला वाट दाखवायला आलात होय? या, बसा. आमच्याकडे असे पाहुणे रोज थोडेच येतात!’ बाबा हसले. आवाज न करता हसलं की त्यांचे खांदे तेवढे हलतात.

मग त्यांनी पाटीवर लिहिलं: ‘बाईंना दीपगृह दाखव.’

ती ओळ पाठवशील ना?

धाकटी


९ डिसेंबर

दादा,

अकरा दिवस उरले. आज हेडक्लार्क बाईंकडे पुन्हा गेले होते.

‘आलं का उत्तर?’

‘नाही, बाई.’

‘मग सहा ठिकाणं छाप. सहाचं काय वाईट आहे?’

मी म्हटलं, ऐकीव आहे असं स्पष्ट लिहू. वाक्याच्या शेवटी ‘म्हणे’ घालू. बाईंनी चष्मा काढला. ‘अगं, दोन दिवसांची सुटी काढून आलेला माणूस म्हणे वाचायला येतो का? त्याला सांगायचं, हे बघ, इथे उभा राहा, फोटो काढ. आणि खरं सांगू? त्या चाळीस जणांच्या घरची माणसं अजून या गावात आहेत. त्यांच्या आज्यांनी वाट बघून डोळे घालवले आणि आपण छापलं, सगळे वाचले! तुझा भाऊ नगरपालिकेच्या सभेत उभा राहिला म्हणून बरं, नाहीतर लोकांनी तुमच्या काचा फोडल्या असत्या.’ मग जरा थांबून म्हणाल्या, ‘तुझे वडील भला माणूस. पण भल्या माणसाला मोह पडत नाही असं थोडंच आहे?’

बोलायला हवं होतं. टेबलावर त्यांचा टाचण्यांचा डबा होता, तो मी सरळ करून ठेवला आणि आले.

तिथून छापखान्यात गेले. छापखान्याचे काका थकले आहेत, पण जीभ तशीच. प्रूफ हातात देत म्हणाले, ‘या म्हणेबाई. या खेपेला किती शब्द कापायचे? की आज विळा घरी राहिला?’ त्यांना ते टोपणनाव कुठून कळलं कोण जाणे. लहान गावात टोपणनावाला पाय असतात.

‘काही कापायचं नाही, काका.’

‘बरं बरं. कागद तुमचा, कात्री तुमची. आम्ही आपले छपाईचे खिळे जुळवणारे.’

मी प्रूफ घेऊन घरी आले आणि जेवले नाही. आत्या म्हणाली, ‘उपास कुणासाठी? ज्याच्यासाठी करतेयस तो तिकडे दोन वेळा जेवत असेल.’

काकांना जुनं काही आठवत होतं. त्याबद्दल नंतर लिहीन.

धाकटी


११ डिसेंबर

दादा,

नंतर म्हटलं होतं, पण हे आत्ताच लिहिते. हे पत्र तू शेवटपर्यंत वाच. मग उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

सात वर्षांपूर्वी बाबांनी पुस्तिकेचा मजकूर लिहिला आणि मी तो छापखान्यात घेऊन गेले. मी पंधरा वर्षांची होते. बाबा त्या दिवशी पाहुण्यांना घेऊन बुरुजावर होते, तू बंदर कचेरीत नुकताच लागला होतास. काकांनी पानं लावली आणि सातव्या ठिकाणी अडले.

‘पोरी, इकडे ये. शेवटचा एक शब्द खाली लोंबतोय. एका शब्दासाठी ओळ वाढते, ओळीसाठी पान वाढतं. घरी जाऊन विचारून ये.’

बाबांचं वाक्य असं होतं: ‘या पायरीवर दिवा धरून उभ्या राहिलेल्या बाईने वादळात चाळीस जणांना वाचवले म्हणे.’

लोंबत होतं ते ‘म्हणे’.

मी घरी गेले नाही. बुरूज दहा मिनिटांवर होता, पाऊस नव्हता, माझा पाय दुखत नव्हता. कुठलंच कारण नव्हतं. तो शब्द एकटा खाली आला होता आणि त्याच्याकडे बघून मला वर्गातलं हसू ऐकू आलं. वाटलं, आता हे छापून येणार, गावभर वाटलं जाणार आणि सगळे म्हणणार, बघा, बापही म्हणेबुवा. मी म्हटलं, ‘काढून टाका.’ काका म्हणाले, ‘खोडलंस तर बाजूला सही कर, उद्या माझ्या डोक्यावर नको.’ मी निळ्या शाईने खोडलं आणि सही केली. सही करताना मला मोठं झाल्यासारखं वाटलं, हेही लिहून टाकते.

पुढचं तुला माहीत आहे. तू ते छापलेलं वाचलंस, बंदर कचेरीतली वही काढलीस आणि सभेत उभा राहिलास. मी मागच्या बाकावर होते. तू म्हणालास, ‘हे खोटं आहे, आणि ते खोटं आहे हे लिहिणाऱ्याला ठाऊक होतं.’ बाबा उठले, बिल्ला काढून टेबलावर ठेवला आणि एवढंच म्हणाले, ‘छापलंय ते माझ्या नावाने छापलंय.’

घरी आल्यावर तू ओरडलास. ‘तोंडाने म्हणे म्हणता आणि छापताना गिळता? आम्हाला काय शिकवलंत मग?’ तू त्यांना सुटायची वाटही दिलीस, मला आठवतं. तू म्हणालास, ‘हस्तलिखित दाखवा. त्यात शब्द असेल तर मी उद्या सभेत माफी मागतो.’ बाबा म्हणाले, ‘नाही दाखवायचं.’ मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मला वाटलं, कागद छापखान्यातच हरवला असेल, म्हणून ते तसं म्हणताहेत. आणि मला हायसं वाटलं. दादा, तू बॅग भरत होतास आणि मला हायसं वाटत होतं.

गावातल्या कुणासाठीही तो एक शब्द होता. फक्त आपल्या घरात तो काढला की माणूस खोटा ठरत होता, आणि हे कळण्याइतकी मी शिकलेली होते.

पहिल्या पत्रात मी ‘त्यात मी पडत नाही’ असं लिहिलं. मी त्यातच पडलेली होते. तुझ्याकडे ‘हरकत नाही’ मागितलं. म्हणजे खोट्याला हरकत नाही असं बाबांच्या मुलाकडून लिहून मागितलं. आता कळतं की कुठल्याही पत्राला तू उत्तर दिलं असतंस, पण त्याला देणार नाहीस.

ओळ नको. छपाई होऊ दे सहा ठिकाणांची. तू फक्त ये, आणि बाबांना सांग की तुला कळलं. ते मी सांगून उपयोग नाही. मी सांगितलं तर त्यांना फक्त माझी चूक कळेल, तुला कळलंय हे नाही.

मी अजून त्यांना सांगितलेलं नाही. धीर होत नाही.

धाकटी


१९ जानेवारी

दादा,

आज दुपारी पोस्टमन आला. जाड पाकीट होतं, वर तुझं अक्षर. बाबांचा पलंग आता खिडकीपाशी आहे. ते रोज त्याला येताना बघतात आणि पाटी पुढे करतात: ‘पत्र?’ मी रोज मान हलवते. आज मान हलवायच्या आधीच पोस्टमन दारात होता.

मी पाकीट स्वयंपाकघरात नेऊन उघडलं. आत माझीच चार पत्रं. पहिलं पातीने नीट कापून उघडलेलं. बाकीची तीन बंद, जशी मी चिकटवली तशी. सोबत चिठ्ठी: ‘कचेरीच्या पत्त्यावर पत्रं पाठवू नयेत.’

‘पाठवू नकोस’ नाही. ‘पाठवू नयेत’. मी त्या एका शब्दाकडे बराच वेळ बघत राहिले. मला वाटतं तू तो विचार करून निवडला असशील. (असेल. मी पाहिलेलं नाही.)

म्हणजे अकरा डिसेंबरचं पत्र तू वाचलेलं नाहीस. म्हणजे मी तुला अजून काहीच सांगितलेलं नाही.

आत्या मागून आली. चार पाकिटं बघून तिला कळलं. तिला टोमणा सुचला नाही, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. ती म्हणाली, ‘आत जा. तो वाट बघतोय. काय सांगायचं ते सांग, पण जा.’

बाबांनी पाटी धरली होती: ‘दादा?’

तोंडाने बोलले असते तर आवाजाने मला पकडून दिलं असतं. मी त्यांच्या हातातून पेन्सिल घेतली आणि खाली लिहिलं:

‘दादा येणार आहे.’

बाबांनी वाचलं. दोनदा वाचलं असावं, कारण नजर शेवटपर्यंत जाऊन पुन्हा डावीकडे आली. मग त्यांनी पेन्सिल मागितली. हात आता कापतो, म्हणून वेळ लागला. ‘आहे’ च्या पुढे, खाली, त्यांनी एक छोटं हंसपद काढलं. वर काही लिहिलं नाही. पाटी माझ्याकडे दिली आणि वाट बघत राहिले, लहानपणी बघायचे तसे. शब्द कुठे सुटलाय ते ते दाखवायचे. कुठला सुटलाय ते आपण सांगायचं.

मी लिहिलं, ‘म्हणे’.

त्यांनी बाजूला बरोबरची खूण केली.

मला वाटलं, झालं, एवढंच. मी पाटी पुसायला घेतली तर त्यांनी हात धरला, पाटी उलटी केली आणि दुसऱ्या बाजूवर लिहिलं. अक्षरं उतरत गेली होती, पण वाचता आली.

‘आता ओळ वाढली तरी चालेल.’

दादा, हे वाक्य या घरात कधी कुणी उच्चारलेलं नाही. ते छापखान्यातलं आहे.

मी खाली बसले. विचारलं, ‘केव्हापासून?’ त्यांनी पलंगाखालच्या पेटीकडे बोट केलं. तिच्यात बिल्ल्याची रिकामी पिन होती, दीपगृहाचा जुना नकाशा होता आणि तळाशी ते हस्तलिखित. काकांनी ते छपाईच्या दुसऱ्याच दिवशी परत पाठवलं होतं, पाकिटावर तारीख आहे. ओळ वाढत होती हेही त्यांनीच सांगितलं असेल. सातवं पान. निळ्या शाईची रेघ, शेजारी माझी सही, अगदी वळणदार.

तू बॅग भरत होतास तेव्हा हे पान या पेटीत होतं. ‘दाखवा’ म्हणालास तेव्हाही. बाबांनी ते बाहेर काढलं असतं तर तू राहिला असतास.

मी म्हटलं, ‘का नाही दाखवलंत, बाबा?’

त्यांनी लिहिलं: ‘तू पंधरा वर्षांची होतीस.’ ते पुसलं. मग लिहिलं: ‘त्याचं बरोबर होतं.’ तेही पुसायला निघाले, पण मी पाटी काढून घेतली. ती तशीच खिळ्याला टांगली आहे. ते काही लिहायला मागतात तेव्हा मी कागद देते.

सहा ठिकाणांची पुस्तिका छापून आली आहे. शेवटच्या पानाचा अर्ध्याहून जास्त भाग कोरा आहे. काका म्हणाले, ‘बघ, आता जागाच जागा.’ म्हाताऱ्याने ते खवचटपणे म्हटलं नाही. त्याचे डोळे ओले होते. (हे मी पाहिलं.)

हे पत्रही परत येईल, तरी टाकते.

धाकटी


६ फेब्रुवारी

दादा,

हे कार्ड आहे. कार्ड न उघडता परत करता येत नाही. पोस्टमनही वाचेल, वाचू दे.

बाबा काल दुपारी दोन वाजता गेले. मी आणि आत्या जवळ होतो.

सातव्या ठिकाणच्या वाक्यात बाबांनी ‘म्हणे’ लिहिलं होतं. ते मी काढलं, छापखान्यात, त्यांना न विचारता. त्यांना माहीत होतं आणि त्यांनी माझ्यासाठी ते तुझ्यापासून लपवलं. माझ्या सहीचं पान माझ्याकडे आहे.

तुझ्याबद्दल त्यांनी पाटीवर लिहिलं: ‘त्याचं बरोबर होतं.’ हे मी वाचलं आहे.

आत्या सकाळपासून विचारते, दादाला कळवलंस का. मी तिला ‘कळवलं’ म्हणाले. ते अजून खरं नाही. हे कार्ड टपालपेटीत पडलं की होईल.

जागा संपली.